साखर डब्यातली, शुगर रक्तातली

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वय ४३, पुण्यात आयटीतली बैठी नोकरी, वजन ‘तसं बरोबरच’, दिवसाला सहा चहा आणि जेवल्यावर काहीतरी गोड लागतंच. दुपारी तीनच्या सुमारास डोकं चालेनासं होतं, रोजच्या माणसाचं नाव पटकन आठवत नाही. वडील ७२ वर्षांचे, सोळा वर्षांपासून मधुमेह. वर्षभरात विसरायला लागलेत आणि ‘कधी कधी पहाटे काहीतरी असंबद्ध बोलतात’. त्यातच साखरेने मेंदू आकसतो, अल्झायमर म्हणजे ‘टाइप थ्री’ मधुमेह, असं तुमच्या वाचनात आलं. म्हणून विचारताय की साखर कायमची सोडू का, गूळ चालेल का, आणि माझंही वडिलांसारखंच होणार का.

मी फिजिशियन आहे. सत्तावीस वर्षं सांगली-कोल्हापूरच्या ऊसपट्ट्यात दवाखाना चालवतोय. माझे निम्मे पेशंट ऊस लावतात, उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांची पोरं कारखान्यात कामाला आहेत, आणि दिवाळीला सभासदांची सवलतीची साखर घराघरांत पोहोचते. इथे साखरेविरुद्ध भाषण करणाऱ्या डॉक्टरला लोक चहा पाजून वाटेला लावतात, तोही गोडमिट्ट. त्यामुळे साखरेला शिव्या घालणं मी केव्हाच सोडलं. हिशेब मांडायला मात्र शिकलो.

आधी एक शब्दांची गंमत. वाण्याकडून येते ती ‘साखर’ आणि रिपोर्टात वाढते ती ‘शुगर’. ‘त्यांना शुगर आहे’ असं आपण सर्रास म्हणतो, ‘त्यांना साखर आहे’ असं सहसा कुणी म्हणत नाही. लोकांनी नकळत केलेला हा फरक मला फार कामाचा वाटतो. डब्यातली साखर हा खाण्याचा पदार्थ. रक्तातली शुगर म्हणजे ग्लुकोज, आणि ते भाकरीतून, भातातून, साबुदाण्यातूनही येतं. काहीच खाल्लं नाही तर यकृत स्वतः तयार करून रक्तात सोडतं. मेंदूची गाठ डब्याशी पडतच नाही, पडते ती या शुगरशी. ती वाढली तर मेंदूचं नुकसान व्हायला वर्षं लागतात. ती फार उतरली तर मिनिटं पुरतात.

तुम्ही साखरेबद्दल दहा ओळी लिहिल्यात आणि वडिलांच्या पहाटेच्या बडबडीबद्दल अर्धी. मला काळजी त्या अर्ध्या ओळीची वाटते. म्हणून आधी बाबांचं बघू, मग तुमचं.

औषधं चालू असलेला मधुमेही म्हातारा माणूस पहाटे भरकटल्यासारखा बोलतो तेव्हा शुगर वाढल्याची शंका नंतर, लो झाल्याची आधी घ्यायची. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीर बसल्या जागी जेवढी ऊर्जा जाळतं तिचा पाचवा हिस्सा हा एकटा खातो. दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम ग्लुकोज. स्नायू आणि यकृत आपापला साठा करून ठेवतात. मेंदूचं मात्र हातावर पोट. रक्तातून येईल तेच लगेच वापरायचं. आणि एका वेळी आपल्या सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज असतं किती? साधारण पाच ग्रॅम, म्हणजे चहाचा एक चमचा. तो चमचा अर्ध्यावर आला की मेंदूचं काम बिघडायला लागतं.

एक आजोबा आठवतात. ‘रात्रीतून लकवा मारला’ म्हणून पहाटे साडेचारला जीपमध्ये घालून आणलेले. उजवा हात उचलत नव्हता, बोलणं तोंडातल्या तोंडात, सदरा घामाने चिंब. मुलाने सिटी स्कॅनच्या पैशांची जुळवाजुळव वाटेतच केलेली. बोटाला सुई टोचून शुगर पाहिली तर ३६. शिरेतून ग्लुकोज गेलं आणि दहा मिनिटांत आजोबा उठून बसले, ‘मला इथं कशाला आणलंय’ म्हणून सुनेवर खेकसले. हातही हलायला लागला. आदल्या दिवशी एकादशी होती. उपास कडक, गोळ्या मात्र दोन्ही वेळच्या नेमाने घेतलेल्या.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावतात. पोटात जेवण आहे की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. इन्शुलिनच्या इंजेक्शनचंही तेच. वयाने किडनी मंदावली की या गोळ्यांचा अंमल लांबतो, शुगर रात्री उशिरा नाहीतर पहाटे घसरते, आणि घरचे समजतात की म्हातारपणामुळे बरळतायत. नुसत्या मेटफॉर्मिनने असं क्वचितच होतं. वडील नेमकं काय घेतात हे तुम्ही लिहिलेलं नाही, त्यामुळे मी इथून एवढंच सांगू शकतो की आज त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या हातात घेऊन नावं वाचा.

यात एक वाईट चक्र तयार होतं. विसरतात म्हणून गोळी दोनदा घेतली जाते, दोनदा घेतली म्हणून शुगर लो होते, लो झाली म्हणून डोकं आणखी चालत नाही. २००९ साली उत्तर कॅलिफोर्नियातल्या सोळा हजारांहून अधिक वयस्क मधुमेहींचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शुगर लो होऊन तीन किंवा जास्त वेळा दवाखान्यात यावं लागलेल्यांमध्ये पुढे डिमेन्शियाचा, म्हणजे स्मृतिभ्रंशाचा, धोका जवळपास दुप्पट दिसला. यात कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे पूर्ण वेगळं काढता येत नाही, कारण सुरुवातीचा विस्मरणाचा आजारही गोळ्यांचा घोळ घालायला पुरेसा असतो. पण म्हाताऱ्या मेंदूला हे झटके झेपत नाहीत, याबद्दल रोजची प्रॅक्टिस करणाऱ्या कुणालाच शंका नाही.

मग शुगर दाबून दाबून नॉर्मलला आणली तर मेंदू वाचतो का? अमेरिका आणि कॅनडात दहा हजारांवर मधुमेहींवर याची चाचणी झाली, ॲकॉर्ड नावाची. एका गटाची एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या शुगरचा अंदाज देणारा आकडा, ६ च्या खाली आणायचं ठरवलं होतं. त्या गटात मृत्यू जास्त व्हायला लागले म्हणून २००८ साली तो भाग मुदतीआधीच थांबवावा लागला. त्याच चाचणीतल्या काही जणांच्या बुद्धीच्या परीक्षाही घेतल्या होत्या. २०११ मध्ये त्याचे निकाल आले तेव्हा कडक नियंत्रणवाल्यांची स्मरणशक्ती काही वेगळी निघाली नाही. म्हणून वय झालेल्या आणि विसरायला लागलेल्या मधुमेहीच्या बाबतीत एचबीएवनसी ८ च्या आत असली तरी आता आम्ही समाधान मानतो. वडिलांची एचबीएवनसी ६.१ आली म्हणून मला पेढे आणून देणारा मुलगा मी पाहिलाय. त्या पेढ्यांपेक्षा त्या आकड्याची मला जास्त धास्ती वाटली होती.

तर या आठवड्यात एवढं करा. ग्लुकोमीटरवर रात्री झोपताना, पहाटे तीनला आणि सकाळी उपाशीपोटी शुगर पाहा. आणि ते बरळत असतील त्या क्षणी तर नक्कीच. ७० च्या खाली म्हणजे लो, ५४ च्या खाली म्हणजे गंभीर. शुद्धीत असतील, गिळता येत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, सावरले की काहीतरी खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. कुशीवर वळवा आणि दवाखाना गाठा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, पण आकडे लिहिलेली वही घेऊन त्यांच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा.

दुसरी तपासणी बी-१२ ची. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की आतड्यातून बी-१२ नीट शोषलं जात नाही, आणि घर शाकाहारी असेल तर मुळातच ते कमी. पाय बधिर, तोल जातो, विसर पडतो, चिडचिड होते. ‘डिमेन्शिया’चा शिक्का बसलेला माणूस इंजेक्शनांच्या एका कोर्सने पुन्हा पेपर वाचायला लागल्याचं मी एकाहून अधिक वेळा पाहिलंय. थायरॉइड, सोडियम, ऐकू कमी येणं, झोपेच्या गोळ्या, आणि जोडीदार गेल्यानंतरचं नैराश्य, हे सगळं तपासायचं. मध्यंतरी पडून डोक्याला मार लागला होता का हेही आठवून पाहा. कवटीच्या आत हळूहळू साचलेलं रक्त महिनाभराने विसरभोळेपणाचं सोंग घेऊन येतं. एवढं सगळं पार केल्यावर मग स्मरणशक्तीच्या रीतसर चाचण्या आणि एमआरआय. सोळा वर्षांच्या मधुमेहाने मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झालेल्या असू शकतात, हे मी नाकारत नाही. पण जे दुरुस्त होण्यासारखं आहे ते आधी शोधायचं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. जास्त साखर खाल्ल्याने मेंदूला काय होतं?

थेट आणि लगेच फारसं काही होत नाही. आडवाटेने आणि उशिरा बरंच होतं. रोजची जास्तीची साखर आधी यकृत आणि पोटाचा घेर गाठते, त्यातून शरीर इन्शुलिनला दाद देईनासं होतं, मग शुगर वाढते, रक्तदाब आणि चरबी सोबतीला येतात, आणि या सगळ्यांचा मार शेवटी मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांवर बसतो. या साखळीला वीस-पंचवीस वर्षं लागतात. तुमच्या वयाला ती चालू झालेली असते आणि कळत काहीच नसतं.

यात शुगर नेमकं करते काय? पाकात बोट बुडवून वाळू दिलं की कसं चिकट, कडक होतं? रक्तातलं ग्लुकोजही प्रथिनांना तसंच चिकटतं. एचबीएवनसी ही तपासणी यावरच आधारलेली आहे: तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, तेवढ्यात त्यांच्या हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटलं ते ती मोजते, म्हणून तीन महिन्यांचा अंदाज येतो. तांबडी पेशी चार महिन्यांत बदलली जाते, रक्तवाहिनीची भिंत तशी बदलत नाही. तिथे हे पुट साचत जातं, भिंत ताठर होते, आतलं अस्तर बिघडतं. मेंदूच्या खोल भागातल्या वाहिन्या केसाहून बारीक, आणि एक बंद पडली तर शेजारून पाणी फिरवायला दुसरा पाट नसतो. एमआरआयवर तिथे पांढरे ठिपके दिसतात. या नुकसानीत पहिल्यांदा नावं विसरतात असंही नाही. गती जाते. हिशेबाला वेळ लागतो, दोन कामं एका वेळी जमत नाहीत, चाल मंदावते, स्वभाव हेकट होतो. घरचे म्हणतात, ‘बाबा आता पहिल्यासारखे राहिले नाहीत.’

मधुमेह असेल तर पुढे डिमेन्शिया होण्याचा धोका साधारण दीडपट धरला जातो. पण मधुमेहाच्या उंबरठ्याआधीच हे सुरू होतं का? सिॲटलमध्ये २,०६७ वयस्क माणसांचा सरासरी सात वर्षं पाठपुरावा करून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले गेले. मधुमेह नसलेल्यांमध्येही ज्यांची काही वर्षांची सरासरी शुगर ११५ होती त्यांना, १०० वाल्यांच्या तुलनेत डिमेन्शियाचा धोका १८ टक्के जास्त दिसला. हे १८ टक्के मूळ धोक्याच्या प्रमाणात आहेत. शंभरातल्या अठरा जणांना आजार झाला असा त्याचा अर्थ नाही. तरीही मला तो अभ्यास महत्त्वाचा वाटतो, कारण ११५ या आकड्याला आपल्याकडे ‘अजून शुगर नाही’ म्हणून सोडून देतात. आयसीएमआर या केंद्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेही १०.१ कोटी निघाले, आणि असे उंबरठ्यावरचे १३.६ कोटी.

‘वजन तसं बरोबरच’ या तुमच्या वाक्यावर मी थोडा अडखळलो. तुम्ही पुण्याचे म्हणून पुण्याचंच उदाहरण देतो. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ मध्ये स्वतःचाच जोडफोटो एका वैद्यकीय नियतकालिकात छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला सडपातळ, आतून चरबीदार, ही आपली ठेवण. म्हणून वजनकाट्यावर विसंबू नका, बेंबीपाशी टेप लावा. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईचा ८० च्या वर, तर गडबड आहे असं धरायचं.

साखर यात भातापेक्षा वेगळी कुठे पडते? साखरेच्या कणातला अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. ग्लुकोज सगळं शरीर वापरतं. फ्रुक्टोजचा बराचसा भार यकृतावर येतो, आणि जास्त झालं की ते त्याची चरबी करतं. पातळ रूपात, म्हणजे कोल्ड्रिंक, पाकीटबंद ज्यूस किंवा रसवंतीचा मोठा ग्लास, ते एकदम येतं आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. मेंदू आकसण्याची बातमी तुम्ही वाचलीत तीही बहुधा गोड पेयांवरच्याच अभ्यासाची. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या लोकांचा तो अभ्यास २०१७ साली आला: गोड पेयं जास्त पिणाऱ्यांच्या मेंदूचं आकारमान थोडं कमी आणि स्मरणशक्तीच्या चाचणीतले गुणही कमी. पण ही एका वेळची तुलना होती, त्याच माणसांचा मेंदू पेयं पिऊन आकसताना कुणी पाहिलेला नाही. जो रोज दोन बाटल्या रिचवतो त्याचं बाकीचं खाणं, झोप, व्यायाम हेही इतरांसारखे नसतात. संशोधक त्याचा हिशेब धरायचा प्रयत्न करतात, पूर्ण धरता येत नाही.

‘टाइप थ्री’चंही असंच. ब्राउन विद्यापीठातल्या सुझान डी ला मॉन्टे यांच्या गटाने २००५ मध्ये हे नाव वापरलं, कारण अल्झायमरच्या मेंदूत इन्शुलिनचे संदेश नीट पोहोचत नाहीत असं त्यांना दिसलं. कल्पना पोरकट नाही. इन्शुलिन मोडणारा जो एक एन्झाइम आहे तोच अल्झायमरच्या मेंदूत साचणारं ॲमिलॉइड हे प्रथिनही मोडतो. इन्शुलिन सतत चढं राहिलं तर तो तिकडेच गुंतून पडत असावा, असा एक तर्क आहे. पण मग मेंदूला नाकावाटे इन्शुलिन दिलं तर फरक पडायला हवा होता. त्याची मोठी चाचणी झाली, २०२० मध्ये निकाल लागला, फायदा दिसला नाही. शिवाय आयुष्यात कधी मधुमेह न झालेले अल्झायमरचे पेशंट माझ्याकडे ढिगाने आहेत. ‘टाइप थ्री’ हे निदान म्हणून मी आजवर कुणाच्या केसपेपरवर लिहिलेलं नाही. नाव चटपटीत आहे म्हणून पसरलं, इतकंच.

आणि जाता जाता, ‘साखर खाऊन पोरं उंडारतात’ हेही टिकलेलं नाही. कुणी काय खाल्लंय हे कुणालाच माहीत नाही अशा पद्धतीने केलेल्या चाचण्या १९९५ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा मुलांच्या वागण्यात किंवा अभ्यासात साखरेने फरक सापडला नाही. वाढदिवसाला पोरं उड्या मारतात कारण वाढदिवस असतो.

इथवरचा गोषवारा: बाबांच्या बाबतीत आज बघायची ती लो शुगर, गोळ्या आणि बी-१२. तुमच्या बाबतीत धोका आहे तो पुढच्या वीस वर्षांचा, आणि तो साखरेच्या कणापेक्षा घेर, शुगर आणि रक्तदाब यांच्या वाटेने येणार. राहिलं तुमचं तीन वाजताचं डोकं.

ते साखरेने आकसलेल्या मेंदूचं लक्षण नाही. दुपारी शरीराचं घड्याळच थोडं उतरणीला लागतं, त्यात कॅन्टीनचा भात किंवा तीन चपात्या, रात्रीची झोप सहा तासांहून कमी, आणि खुर्ची. आपण मग गोड चहा मारतो आणि तरतरी आली असं समजतो. २०१९ मध्ये ३१ अभ्यास एकत्र करून कुणीतरी हे शोधलं की गोड किंवा पिठूळ खाल्ल्याने मूड खरंच सुधारतो का. मूड कधीच सुधारला नाही. उलट तासाभराच्या आत थकवा वाढलेला आणि सावधपणा कमी झालेला दिसला. तुम्हाला तरतरी येते ती चहाच्या पत्तीमुळे. नावं न आठवण्याचं म्हणाल तर ४३ व्या वर्षी बहुतेक वेळा स्मरण शाबूत असतं, नोंदच झालेली नसते. फोनमध्ये डोकं घालून कुणाचं नाव ऐकलं तर विसरायलाही काही उरत नाही. मात्र बायको सांगत असेल की तुम्ही घोरता, मध्येच श्वास अडकतो, तर झोपेची तपासणी करून घ्या. साखर सोडण्याआधी ती करा.

आता हिशेब. ‘गोड किती खाता?’ असं मी पेशंटला विचारतच नाही, कारण उत्तर ठरलेलं: ‘छे, फारसं नाही डॉक्टर.’ मी विचारतो, घरात महिन्याला साखर किती किलो लागते आणि माणसं किती. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घातलेली मर्यादा दिवसाला साधारण ५० ग्रॅमची, आणि जमल्यास २५ ग्रॅम. २५ ग्रॅमच्या हिशेबाने चौघांच्या घराला महिन्याला तीन किलो पुरायला हवी. माझ्याकडची बरीच घरं सहा-सात सांगतात. आणि ही फक्त डब्यातली. बिस्किटं, सॉस, कोल्ड्रिंक, ऑफिसातला चहा यात धरलेलाच नाही. तुमचे सहा चहा, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ५० ते ६० ग्रॅम तिथेच संपले. गुलाबजामला उगाच बदनाम करतो आपण.

गूळ? माझ्या दवाखान्यामागच्या एकाच फडातला ऊस अर्धा कारखान्याला जातो, अर्धा गुऱ्हाळाला. रस एकच. गुळात थोडं लोह, थोडी खनिजं राहतात, पण बहुतेक भाग साखरच. चव आवडते म्हणून जरूर खा, साखरेच्याच मापात धरून. मध, खडीसाखर, काकवी यांनाही तोच नियम. वजन कमी करायला म्हणून बिनसाखरेच्या गोड गोळ्यांवर विसंबू नका असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिला. मधुमेहींना तो लागू केलेला नाही, पण तुमच्यासाठी मलाही तो पटतो, कारण त्या गोळ्यांनी जिभेची गोडाची पातळी खाली येतच नाही.

ती खाली आणता येते. एकदम बंद केलेल्यांपैकी बहुतेक जण पंधरा दिवसांत परत आलेले मी पाहिलेत. चहातला अर्धा चमचा कमी करा, दोन आठवडे थांबा, मग आणखी अर्धा. दोन-तीन महिन्यांत जुना चहा पाकासारखा लागायला लागतो. साखर म्हणजे कोकेन वगैरे जे म्हणतात ते मला मान्य नाही. उंदरांना दिवसातून ठराविक वेळच साखर दिली तर ते तिच्यावर तुटून पडतात, खरं आहे. पण माणसांत मी जे पाहतो ती सवय आहे, आणि ती मोडते. पाहुण्यांकडे ‘बिनसाखरेचा’ म्हटल्यावर घरातले चेहरे पडतात, तिथे अर्धा कप घ्या. सणाची पुरणपोळी किंवा पाडव्याचं श्रीखंड बंद करायला मी कुणालाच सांगत नाही. घरच्या श्रीखंडाच्या वाटीत चाळीस-पन्नास ग्रॅम साखर सहज असते, पण ती वाटी वर्षातून चार वेळा येते; चहा दिवसातून सहा वेळा.

आणि जेवणानंतर शतपावली. आजीची ही रीत मी पेशंटला औषधासारखी लिहून देतो. चालताना आकुंचन पावणारे स्नायू इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात, त्यामुळे जेवणानंतरची उसळी खाली बसते. शंभर पावलांऐवजी दहा-पंधरा मिनिटं करा. ऑफिसात दुपारी जेवून जिन्याने खाली उतरा, इमारतीला दोन फेऱ्या मारा. ताटात आधी भाजी, कोशिंबीर, उसळ आणि मग भात एवढा क्रम बदलला तरी फरक दिसतो.

माझंही होणार का, याचं खात्रीचं उत्तर कुणी देणार नाही. वडिलांना मधुमेह म्हणजे तुम्हाला मधुमेहाचा धोका जास्त, हे नक्की. त्यांच्या विसरण्याचं कारण लो शुगर किंवा बी-१२ निघालं तर त्यात वारशाने येण्यासारखं काहीच नाही. २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्यासारखी चौदा कारणं मोजली. मधुमेह त्यातलं एक. रक्तदाब, वाईट कोलेस्टेरॉल, तंबाखू, बसून राहणं, कमी ऐकू येणं हीसुद्धा त्याच यादीत आहेत. साखर शून्य केली आणि १५० चा रक्तदाब तसाच ठेवला, असं करणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात.

तेव्हा या महिन्यात उपाशीपोटीची शुगर, एचबीएवनसी, रक्तातल्या चरबीची तपासणी, रक्तदाब आणि पोटाचा घेर. एचबीएवनसी ५.७ च्या खाली असेल तर दोन वर्षांनी पुन्हा, ५.७ ते ६.४ मध्ये असेल तर वर्षाच्या आत, आणि चहाचा हिशेब लगेच सुरू. हे तुमचं सावकाश झालं तरी चालेल. बाबांचं आज रात्रीपासून. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची मुदत संपलेली नाही ना तेवढं बघा, आणि त्यांच्या गोळ्यांची नावं आणि किडनीच्या तपासणीतलं शेवटचं क्रिएटिनिन लिहून पाठवा, म्हणजे पुढचं नेमकं बोलता येईल.